दोन कुत्री, एक गॅलरी आणि सकाळचा चहा

पावसाळ्यात माझ्याकडे येणारी पत्रं कानाच्या वासाची आणि अंगावरच्या खाजेची असतात. आश्विन लागला की विषय बदलतो. आभाळ मोकळं झालं, रस्ते वाळले, की प्रत्येकाला एकदम स्वतःची सकाळ हवी असते, आणि तेव्हाच लक्षात येतं की ती कुत्र्यांनी आधीच घेतलेली आहे. या अंकासाठी चार पत्रं निवडली आहेत. चारही घरांत कुत्री दोन-दोन.

प्रश्न : मी वर्तकनगरला राहते. शाळेतून निवृत्त झाले, पण पहाटे पाचला उठायची सवय गेली नाही. पाऊस गेला की आमच्या गॅलरीत सातविणीचा वास येतो, खाली पारिजातकाचा सडा पडलेला असतो. अशा वेळी एक कप चहा गप्प बसून प्यावा, एवढीच इच्छा. पण घरात बाजी (दीड वर्षाचा बीगल) आणि गोदा (तीन वर्षांची देशी) आहेत. मी कूस बदलली की दोघं उभी. त्यांच्या नखांच्या टकटकीची खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. पट्टा हातात घेतला की नाच, लिफ्टमध्ये भुंकणं. उपवन तलावाकडे जाताना एक डावीकडे ओढतो, दुसरी उजवीकडे. मुलगा म्हणतो, "आई, त्यांना दाबून पळव, दमली की झोपतील." त्याने दोघांना एकत्र बांधायचा जोडपट्टाही आणून दिलाय. साडेसहाला निघते ती साडेआठला परत येते, तरी घरात आल्यावर सोफ्यावरून उड्या चालूच. काय करू?
(निवृत्त शिक्षिका, ठाणे)

उत्तर : ताई, मुलाचं मन मोडावं लागलं तरी चालेल, पण त्याचं ऐकू नका. कुत्रं दमवलं की शांत होतं, हे आमच्या दवाखान्यात मला रोज कुणीतरी सांगतं. रोज पळणाऱ्या कुत्र्याचा दमसास वाढतो. महिनाभरात तेच अंतर त्याला पुरेनासं होतं, मग तुम्ही आणखी पळवायचं. आणि घरी येतं ते धापा टाकणारं, तापलेलं, अजून काहीतरी घडणार या आशेवर असलेलं कुत्रं. सोफ्यावरच्या उड्या म्हणजे उरलेली ताकद नव्हे. डोकं चढलेलं असतं, ते उतरायला वाट मिळालेली नसते. सकाळ शांत हवी असेल तर पुढे काय होणार हे कुत्र्याला आधीच ठाऊक पाहिजे. रोज तेच, त्याच क्रमाने, तुम्हालाच कंटाळा येईल इतकं तेच.

तेव्हा पाचला उठल्यावर आधण ठेवू नका. रात्रभर शू धरून ठेवलेल्या दोन जनावरांनी तुमच्या चहाकडे शहाण्यासारखं बघत बसावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. आधी खाली जा, पण फिरायला नव्हे. एकेकाला न्यायचं, गेटजवळच्या ठरलेल्या झाडाशी उभं राहायचं, काम झालं की वर. बोलायचं नाही, लाड नाहीत, "चला चला" नाही. त्या वेळेस दिवसही उजाडलेला नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. मागे राहिलेलं दुसरं कुत्रं रडेल आणि खालच्या मजल्याची तक्रार दुप्पट होईल, म्हणून त्याच्यासाठी स्वयंपाकघरात जुना टॉवेल चुरगाळून त्यात मूठभर खाणं लपवून ठेवा. हुंगत बसेल.

मग चहा. गॅलरीत तुमच्या खुर्चीच्या दोन बाजूंना दोन सतरंज्यांच्या घड्या घाला, मध्ये तुम्ही. आपापल्या घडीवर बसायचं हे दोघांना वेगवेगळं शिकवा, आणि दुपारी शिकवा. पहाटे कुणालाच काही शिकवता येत नाही, माणसालाही नाही. कुत्रं घडीवर आडवं झालं की त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये खाण्याचा एक दाणा गुपचूप ठेवायचा. हात वरून नाचवत आणायचा नाही, "शाब्बास" ओरडायचं नाही. उठलं तर काही मिळत नाही, परत लवंडलं तर मिळतं. गोदा लवकर शिकेल असा माझा अंदाज. देशी कुत्री घरातला हिशेब फार पटकन मांडतात. बाजीला वेळ लागेल, कारण बीगलला नाक थांबवता येत नाही. त्याच्यासाठी स्टीलच्या वाटीत साधं दही आणि उकडलेला लाल भोपळा कालवून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. ती गोठलेली वाटी चाटून संपेपर्यंत तुमचा एक कप होतो, थोडा पेपरही होतो. त्यात मीठ, साखर, कांदा नको.

आता पट्टा. खुंटीवरचा पट्टा वाजला की नाच सुरू होतो, कारण त्या आवाजानंतर नेहमीच बाहेर जाणं असतं. दिवसातून केव्हाही पट्टा उचला, स्वयंपाकघरात जा, भाजी चिरा, परत टांगून ठेवा. काही दिवसांत त्या आवाजाची किंमत उतरते. बाहेर निघताना चारही पाय जमिनीवर असतील तरच पट्टा अडकवायचा. उडी मारली तर रागावू नका, नुसता पट्टा परत खुंटीला. पहिले काही दिवस निघायला अर्धा तास लागेल, शेजारीण विचारेल, तुम्ही हसून वेळ मारून न्या.

जोडपट्टा मात्र मुलाला परत द्या. बीगल हा सशामागे जमिनीला नाक लावून धावण्यासाठी तयार केलेला शिकारी कुत्रा, तोही टोळीने. गोदा मान वर करून आजूबाजूला कोण आहे ते बघत चालणार. या दोघांना एकाच पट्ट्यात बांधलं की एकाच्या प्रत्येक हुंगण्याला दुसरीच्या मानेला हिसका. दोघांना छातीवर कडी असलेले वेगवेगळे हार्नेस घ्या. ओढलं की कुत्रं आपोआप तुमच्याकडे वळतं, गळा आवळत नाही. आणि आठवड्यातून एक-दोनदा प्रत्येकाला एकटं न्या. दोघं मिळून जी दादागिरी करतात ती एकेकटी असताना बहुधा करत नाहीत, आणि कुणाची खोड कुणामुळे आहे ते तेव्हाच कळतं.

दोन तास चालायची गरज नाही. पाऊण तास पुरे, पण तो त्यांच्या नाकाचा. बाजी एखाद्या विजेच्या खांबाशी तीन मिनिटं उभा राहिला तर तुम्हीही उभ्या राहा. हुंगताना कुत्र्याचं डोकं कामाला लागतं आणि श्वास लयीत येतो. तलावाच्या काठाने ओढत नेलेल्या दहा फेऱ्यांपेक्षा अशी एक सावकाश फेरी जास्त उपयोगी. येऊरच्या चढाकडे मात्र उजाडायच्या आत वळू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथल्या बिबट्याच्या आहारात कुत्री असतात, आणि वास लागलेला बीगल हाकेला ओ देत नाही.

साडेआठला परत येता, तेही लवकर करा. ऑक्टोबरचं ऊन आपण हसण्यावारी नेतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास तळपायांपुरताच, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापांवाटे घालवायची. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्यांचे पायही भाजतातच.

घरी आल्यावर लगेच खायला नको. पाणी, पंखा, आणि पंख्याखाली बसल्या बसल्या अंगावरून हात. हा भाग मी कधीच गाळू देत नाही. पाऊस ओसरल्यावर आमच्याकडे गोचीड-तापाची रांग लागते. कानाच्या पाळीच्या आत बोट फिरवा, मग कानामागे, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी, आणि शेवटी पायाची बोटं एकेक फाकवून बघा. लहान गोचीड तिळाएवढी, चपटी, तपकिरी असते, केसांत लपते, पण बोटाला खडा लागल्यासारखी लागते. रक्त प्यायलेली फुगून राखाडी होते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची, पिळायची नाही. निघाली की साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये. रॉकेल, पेटती उदबत्ती, चुना हे उपाय आजही लोक करतात आणि मग भाजलेली कातडी घेऊन माझ्याकडे येतात. गोचीड प्रतिबंधाचं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्या. घरात मांजर असेल तर तेही आधी सांगा, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात. आणि दोघांपैकी कुणी अचानक जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

अर्ध्या तासाने जेवण, दोन वेगळ्या कोपऱ्यांत, पाठीला पाठ करून. मग ती झोपतील.

राहिली नखं. फरशीवर टकटक ऐकू येते म्हणजे नखं वाढली आहेत. ती कापून घ्या, काळ्या नखांतली शीर दिसत नाही म्हणून पहिल्यांदा दवाखान्यातच. खालच्या मजल्यावर दिवाळीचा फराळ जरा लवकर पाठवलात तरी हरकत नाही.

प्रश्न : ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळीला असतो, घणसोलीत एकटा राहतो. पावसाळ्याआधी स्टेशनबाहेर सापडलेली दोन पिल्लं, मिसळ (मादी) आणि पाव (नर), आता पाच महिन्यांची झाली. रात्री शेजारच्या काकू एकदा बघून जातात. सकाळी साडेसहाला मी दार उघडतो तेव्हा दोघं अंगावर झेपावतात, बूट, पँट, हात, सगळं चावतात. मला झोप हवी असते. मी त्यांच्यावर अन्याय करतोय का?
(एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : अन्याय वगैरे काही नाही. कुत्र्याला घड्याळ कुठलंही चालतं. तुमची सकाळ ही त्यांची संध्याकाळ असली तरी ती शिकतील, फक्त ती रोज त्याच वेळी हवी. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दुपारपर्यंत लोळता आणि सोमवारी परत सगळं उलटं, त्याने मात्र गोंधळ होतो. निदान त्यांच्या जेवणाची आणि बाहेर जाण्याची वेळ तरी सुट्टीलाही तीच ठेवा.

दार उघडल्यावर सोहळा करायचा नाही. बॅग खाली, बूट कपाटात, हात धुऊन मगच त्यांच्याकडे. झेपावली तर भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मिसळला आधी खाली न्या, मग पावला, किंवा एक दिवसाआड क्रम बदला. एकाच वेतातली दोन पिल्लं एकत्र वाढली की एकमेकांत गुरफटतात, माणूस त्यांना जेवण आणणारा नोकर वाटू लागतो. म्हणून वेगळं फिरवणं, वेगळं खेळणं, आणि झोपायला दोन वेगळ्या जागा. एकाच खोलीत असल्या तरी चालतील.

चावण्याची दोन कारणं. पाच महिन्यांना दुधाचे दात पडून पक्के येत असतात, हिरड्या शिवशिवतात. ओला फडका पिळून, पीळ देऊन गोठवा आणि तो चघळायला द्या, पण तुमच्या नजरेसमोरच. दुसरं कारण कुणाला खरं वाटत नाही: पिल्लं झोपलेली नसतात. या वयाला दिवसातले सोळा-अठरा तास झोप लागते. तुमच्या घरात रात्रभर ती दोघं एकमेकांना जागवत असणार. तुम्ही आल्यावर दिसतो तो उत्साह पुष्कळदा पेंगुळलेल्या पोराचा हट्ट असतो. शू, थोडं हुंगणं, खाणं, मग पडदे ओढून तुम्हीही झोपा आणि त्यांनाही झोपू द्या. उठल्यावर खेळा हवं तेवढं.

साचलेल्या डबक्यांतलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग त्या पाण्यातून येतो. लसींचं कार्ड पूर्ण झालंय ना ते बघा, रेबीजसकट. आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. ही दोघं बहीणभाऊ आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. मिसळ सहा महिन्यांनंतर केव्हाही माजावर येऊ शकते. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी याच महिन्यात बोला, नाहीतर पुढच्या पत्रात सहा पिल्लांचा प्रश्न विचाराल.

प्रश्न : खारघरला आमच्या सोसायटीने नोटीस लावली आहे : सकाळी सहा ते नऊ कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी. आम्ही अकराव्या मजल्यावर, आमच्या दोन लॅब्रॅडॉरपैकी एक दहा वर्षांची, तिचे सांधे दुखतात. असं करता येतं का?

उत्तर : नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्ट नाकारताही येत नाही. बहुमताने ठराव केला तरी फरक पडत नाही. त्या सूचनांची प्रत आणि तुमच्या कुत्र्यांची रेबीज लसीची प्रमाणपत्रं जोडून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या. दहा वर्षांच्या कुत्रीच्या सांध्यांबद्दल डॉक्टरांची चिठ्ठीही जोडा.

पण तुम्ही बरोबर असलात तरी सकाळी पावणेसातला शाळेच्या गणवेशातली चार पोरं लिफ्टमध्ये असताना दोन लॅब्रॅडॉर आत ढकलणं मला पटत नाही. कुत्र्याला घाबरणारं मूल काही गुन्हा करत नाही. एक लिफ्ट सोडा. आत असाल तर कुत्रं कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या पुढे, पट्टा आखूड. कुणी दारात थबकलं तर "तुम्ही जा, आम्ही मागून येतो" म्हणा. आणि खाली गेल्यावर जुना पेपर बरोबर असू द्या. माझ्या अनुभवात सोसायटीतली निम्मी भांडणं लिफ्टच्या नावाने सुरू होतात, पण मूळ पार्किंगमध्ये पडलेलं असतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. आम्ही चरईत राहतो. आमच्याकडे जिलबी आणि शेव नावाच्या दोन कुत्र्या आहेत. नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून फटाके वाजतात. जिलबी पलंगाखाली जाते आणि शेव तिला बघून थरथरते. त्या दिवशी सकाळी फिरायला कधी न्यायचं? आणि घाबरल्यावर जवळ घेऊ नये म्हणतात, ते खरं का?

उत्तर : ते खरं नाही, खुशाल जवळ घे. भीती लाडाने वाढत नाही. आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाजही कुत्र्यांना ऐकू येतात, त्यामुळे तुझ्या कानाला लांब वाटणारा सुतळी बॉम्ब त्यांना लांब वाटत नाही. जिलबीला पलंगाखालून ओढून काढू नकोस. तिथेच तिची जुनी गोधडी सरकव, तुझा एखादा न धुतलेला टी-शर्ट ठेव. शेव तिला बघून घाबरते असं तू लिहिलं आहेस, तर त्या वेळी शेवला दुसऱ्या खोलीत आजीजवळ बसव. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठा, रेडिओ चालू.

फिरणं आदल्या दिवशी अंधार पडायच्या आत उरकायचं, भरपूर हुंगू देऊन. चतुर्दशीला पहाटे खाली नेऊच नका. तुमच्या घरात बाथरूमच्या एका कोपऱ्यात जुने पेपर घालून आत्तापासून सवय केलीत तर त्या दिवशी अडचण येणार नाही. अभ्यंगस्नान, कारेटं, फराळ सगळं आटोपून रस्ता शांत झाला की आठ-साडेआठच्या सुमारास लहानशी फेरी. तेव्हाही एक पट्टा हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला, असे दोन. गळपट्ट्यावर बाबांचा फोन नंबर लिही. दिवाळीत हरवलेली कुत्री बहुतेक अशीच एका आवाजाला पट्टा सोडवून पळालेली असतात.

जिलबी जर खाणंपिणं सोडून तासन्‌तास थरथरत असेल तर आईबाबांना सांग, दिवाळीच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन भीतीवरचं औषध विचारून ठेवा. ते एकदा फटाके नसताना देऊन बघावं लागतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट नको. घरातल्या मोठ्यांच्या झोपेच्या गोळ्या अजिबात नाहीत.

फराळाची ताटं मात्र तुझ्या जबाबदारीवर. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, थोडे खाल्ले तरी. चॉकलेटही कुत्र्याला विषारीच. खाल्लेलं दिसलं तर काही लक्षण दिसायची वाट न बघता लगेच फोन करायचा. आणि हो, दिवाळीत पुष्कळ दवाखाने एखाद-दोन दिवस बंद असतात. तुमच्या डॉक्टरांची सुट्टी कधी आहे आणि त्या दिवशी कुणाकडे जायचं, हे आजच विचारून फ्रिजवर चिकटव.